रिकार्डोचीं दोन दप्तरें

जुनीं पत्रें शोधणाऱ्यास एक गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावी लागते. कोणाही पुरुषाच्या घरच्या दप्तरांत त्यास आलेलीं पत्रें राहतात. त्यानें स्वतः धाडलेलीं परघरीं गेलेलीं असतात. नकला ठेवण्याची शिस्त असेल तेथें हा नियम लागू नाहीं, पण तशी शिस्त विरळा. नाना फडणिसांच्या मेणवली दप्तराशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस याचा अधिक विस्तार सांगणें नको. इंग्लंडांतील अर्थशास्त्रवेत्ता डेव्हिड रिकार्डो (१७७२–१८२३) याच्या कागदपत्रांची हकीकत याच नियमाचें ठळक उदाहरण असल्यामुळें ती येथें देत आहों.

रिकार्डोनें माल्थसला लिहिलेलीं पत्रें माल्थसच्या घराण्यांत राहिलीं. तीं बोनर यानें १८८७ सालीं छापलीं. मॅक्‌कुलक व ट्रॉवर यांस लिहिलेलीं अनुक्रमें १८९५ व १८९९ सालीं प्रसिद्ध झालीं. या मंडळींचीं उत्तरें मात्र पुष्कळ काळ दृष्टीस पडलीं नाहींत. पुढें १९१९ सालीं पणतू फ्रँक रिकार्डो यास जुन्या सामानांत माल्थसच्या ग्रंथावरील रिकार्डोचीं हस्तलिखित टिपणें सांपडलीं. तीं १९२८ सालीं छापून निघालीं. १९३० सालीं रॉयल इकॉनॉमिक सोसायटीनें समग्र ग्रंथ व पत्रें यांच्या संपादनाचें काम पिएरो स्राफा याजकडे सोंपविलें, आणि त्याच सुमारास ब्रोम्सबेरो येथील या घराण्याच्या वाड्यांतून रिकार्डोस आलेल्या पत्रांचा संग्रह हातीं आला. त्यांत माल्थसचीं उत्तरें होतीं, तशीं जेम्स मिलचीं पत्रेंही होतीं.

येथें खरी अडचण उभी राहिली. मिलच्या आग्रहावरून रिकार्डोनें १८१७ चा आपला मुख्य ग्रंथ लिहिला, हें माहीत होतें. पण त्यांतील विचारांत मिलचा वांटा किती? मिलचीं पत्रें समोर, रिकार्डोचीं उत्तरें बेपत्ता. एका पक्षाची कैफियत वाचून निवाडा करण्यासारखेंच हें होतें. सहा भाग छापखान्यांत पृष्ठवार जुळून तयार असतां, जुलै १९४३ मध्यें डब्लिननजीक राहेनी येथें केर्न्स घराण्याच्या घरीं एका धातूच्या पेटींत रिकार्डोनें मिलला लिहिलेलीं पत्रें निघालीं! जेम्स मिलचा पुत्र जॉन स्टुअर्ट मिल व अर्थशास्त्रज्ञ जॉन इलियट केर्न्स (मृत्यु १८७५) यांचा स्नेह होता. मिलकडील कागद त्या संबंधानें केर्न्सकडे गेले. रिकार्डोची पत्रें आयर्लंडांत त्या घरीं शोधावीं असें कोणास सुचावें?

जुळलेला मजकूर बदलून नवी मांडणी करणें भाग पडलें. पहिले भाग १९५१ सालीं निघाले, आणि सूचीचा अकरावा भाग १९७३ सालीं. या विलंबाबद्दल संपादकास दोष देणारांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. दोन्ही बाजू हातीं आल्यावरच स्राफास दाखवितां आलें कीं, मिलनें रिकार्डोस लेखनास प्रवृत्त केलें, धीर दिला, लेखनाची रीत सांगितली. सिद्धान्त रिकार्डोचे स्वतःचे.

घरचें दप्तर मुळींच उरलें नसेल तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. अ‍ॅडम स्मिथनें १७९० सालीं मृत्यूच्या कांहीं दिवस आधीं आपले बहुतेक हस्तलेख मित्रांकडून जाळविले. तरी त्याच्या ग्लासगो येथील व्याख्यानांचें एका विद्यार्थ्याचें टिपण कॅनन यास १८९५ सालीं उपलब्ध झालें, आणि १९५८ सालीं अशींच दुसरीं टिपणें लोथियन यास स्कॉटलंडांतील एका जुन्या ग्रंथसंग्रहाच्या विक्रींतून मिळालीं.

आमच्या संग्राहकांस एवढीच विनंति आहे कीं, मोठ्या नांवाची सही असलेलें पत्र तेवढें उचलून बाकीचा रुमाल रद्दींत घालूं नये. आणि रुमाल सोडण्यापूर्वीं तो कोणाच्या घरून, कोणत्या कागदांबरोबर आला, हें टिपून ठेवावें. राहेनीच्या पेटींत पत्रांखेरीज मूल्याच्या मापाविषयींचा एक निबंधही होता. रिकार्डोनें तो आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत लिहावयास घेतला. त्याचा एक कच्चा मसुदा आहे, व सुधारून लिहिलेली दुसरी प्रत अपुरी आहे. अशा कागदावर सही कोण करतो? सही पाहून पेटी निवडली असती तर हा निबंध प्रथम बाहेर पडता. १९५१ सालीं तो प्रथमच छापला गेला.