रोहिणी ताठरली म्हणजे काय होतें?

जतसारख्या अवर्षणी तालुक्यांत हापसा कोणास ठाऊक नाहीं? दांडा दाबतांच पाण्याचा लोट येतो. दांडा वर गेला कीं धार ओसरते. आपलें हृदयही असाच हापसा होय. तें मिनिटास सुमारें ७० वेळां रक्त ढकलतें. मग मधल्या विसाव्यांत शरीरास रक्त कसें मिळतें?

याचें उत्तर रोहिणीच्या लवचिक भिंतींत आहे. हृदय आकुंचन पावतांच महारोहिणी किंचित् फुगते व कांहीं रक्त सांठवून ठेवते. हृदय विसावलें म्हणजे ती पूर्ववत् होतां होतां तेंच रक्त पुढें सारते. म्हणून प्रवाह अखंड राहतो.

तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब व रक्तांतील चरबीचा अतिरेक यांमुळें रोहिणीच्या आंतल्या अस्तरांत चरबी सांठूं लागते. पुढें तेथें चिवट तंतू वाढतात, चुनाही बसतो. मार्ग अरुंद होतो, इतकेंच नव्हे, तर रबरी नळीची जणूं लोखंडी नळी बनते. मग ठोक्यासरशीं दाब अधिक चढतो, विसाव्यांत अधिक उतरतो, आणि हृदयाचे श्रम वाढतात. तरुणाच्या महारोहिणींत नाडीची लहर सेकंदास सुमारें ५ मीटर धांवते. ताठर रोहिणींत ती १० मीटरांहूनही अधिक धांवते. चरबीवरील पापुद्रा फाटल्यास रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊं शकतो.

हा ताठरपणा दुखत नाहीं, हाच त्याचा मोठा धोका. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आम्ही इतकेंच विनवितों : स्वतः तंबाखूस शिवूं नका, आणि घरच्या वडील मंडळींस रक्तदाब तपासून घेण्याचा आग्रह धरा.