मुलांचें इंग्रजी आणि चित्रपटाचें परीक्षण

इंग्रजी निबंधांच्या वह्या ज्यानें वर्षानुवर्षें तपासल्या आहेत, त्यास एक अनुभव हटकून आलेला असतो. विषय पावसाळ्याचा असो, थोर पुरुषाचा असो कीं सहलीचा असो, चाळीस वह्यांतून चाळीस मुलें भेटत नाहींत. भेटतें तें एकच मार्गदर्शक पुस्तक. नववी-दहावीच्या वर्गास चित्रपटाचें परीक्षण इंग्रजींत लिहावयास सांगितलें म्हणजे पहिल्या खेपेस असाच प्रकार घडतो. ‘द फिल्म इज व्हेरी नाइस. द ॲक्टिंग इज गुड. द म्यूझिक इज मेलोडियस. एव्हरीबडी मस्ट सी इट.’ या चार वाक्यांत व्याकरणाची चूक एकहि नाहीं. परंतु चित्रपटाचें नांव झांकून ठेवलें, तर तीं जगांतील कोणत्याहि चित्रपटास लागूं पडतील. आतां तर संगणकास नुसतें नांव सांगितलें कीं निर्दोष इंग्रजींतलें परीक्षण क्षणार्धांत हातीं येतें, आणि चित्रपट पाहण्याचा त्रासहि वांचतो!

ज्यांत लिहिणारा कोठेंच नाहीं, त्या लेखनानें मुलास भाषा येत नाहीं. आमच्या घरांतून मुलांस ‘पाठ म्हणून दाखव’ असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. ‘तुला काय वाटलें, आणि तसें कां वाटलें?’ असें मात्र क्वचितच विचारण्यांत येतें. पंधरा वर्षांच्या मुलानें चारचौघांत उभें राहून ‘मला हें पटलें नाहीं, कारण अमुक’ असें म्हणावयाचें, आणि तेंहि परक्या भाषेंत, हें लहानसहान धाडस नव्हे. चित्रपटाचें परीक्षण या कामास मला विशेष सोयीचें वाटतें, तें याकरितां कीं येथें मूल आपल्या हक्काच्या भूमीवर असतें. मिल्टनच्या काव्यावर तें अधिकारानें बोलूं शकणार नाहीं. चित्रपटावर तें एरव्हीं तासन्‌तास बोलतच असतें.

पण बोलणें निराळें आणि पाहणें निराळें. आधीं पाहण्यास शिकविलें पाहिजे. या बाबतींत मला आधार सांपडला तो भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत. नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा विचार करतांना भरतांनीं ‘प्राश्निक’ म्हणून जे परीक्षक सांगितले आहेत, त्यांची यादी मोठी मौजेची आहे. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे ते दहा. ज्यानें त्यानें आपल्या विषयापुरतें पाहावयाचें : यज्ञाचा प्रसंग याज्ञिकानें पारखावा, अभिनय नर्तकानें पारखावा, राजाची ऐट राजानें. एकट्यानें सर्वज्ञतेचा आव आणावयाचा नाहीं. वैयाकरण आणि गणिका यांस एकाच पंक्तीला बसविण्याचा मोकळेपणा त्या शास्त्रकारांस होता, हेंहि जातां जातां लक्षांत घ्यावें.

हीच कामाची वांटणी वर्गांत करावी. चित्रपट सुरू होण्यापूर्वीं कोणाकडे आवाज द्यावे (संगीतच नव्हे, शांतताहि), कोणाकडे उजेड-अंधार, कोणाकडे कपडे व घरें, कोणाकडे एकाच पात्राचे हात व डोळे. प्रत्येकानें आपल्या विषयापुरत्या पांच गोष्टी टिपून आणावयाच्या. टिपण मराठींत झालें तरी चालेल. इंग्रजी मागाहून येईल. एवढ्यानेंच ‘ॲक्टिंग इज गुड’ हें वाक्य वहींतून निघून जातें, कारण लिहावयास त्याहून चांगलें कांहींतरी हातीं असतें.

चित्रपट आरंभीं मराठीच घ्यावा, असें माझें ठाम मत आहे. इंग्रजी परीक्षणाला इंग्रजी चित्रपटच लागतो, ही समजूत व्यर्थ होय. मुलाची अर्धी शक्ति संवाद समजून घेण्यांत खर्च झाली, तर विचाराला उरतें काय? उलट मराठी चित्रपटावर इंग्रजींत लिहूं लागलें कीं अनुवादाचा खरा प्रश्न उभा राहतो. ‘पदर’ हा शब्द इंग्रजींत कसा सांगावा? ‘रुसणें’ म्हणजे ‘अँग्री’ नव्हे, मग काय? त्या झटापटींत मूल जेवढें इंग्रजी शिकतें, तेवढें शब्दांच्या याद्या पाठ करून शिकत नाहीं.

संदीप सावंत यांचा २००४ सालचा ‘श्वास’ मीं या कामासाठीं वारंवार वापरला. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीस मिळाला तो त्याच्यामुळें. डोळ्यांच्या कर्करोगानें ग्रासलेला लहान नातू आणि त्याला खेड्यांतून शहरांत घेऊन आलेले आजोबा. शस्त्रक्रिया केली तर जीव वांचेल, पण दृष्टि जाईल. शस्त्रक्रियेपूर्वीं आजोबा कोणास न सांगतां नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात, डोळे आहेत तोंवर जग दाखवावें म्हणून. कथा दोन ओळींत सांगतां येते, आणि प्रश्न मात्र दोन तासांत सुटत नाहीं. एका वर्षीं वर्गांतील बहुतेकांनीं आजोबांची स्तुति केली. एका मुलीनें लिहिलें कीं, न सांगतां नेणें हें बेजबाबदारपणाचें होतें, आणि दिग्दर्शक आजोबांची बाजू इतकी घेतो कीं डॉक्टरांचा राग आपल्याला न्याय्य वाटेनासा होतो. तिच्या सहा वाक्यांत ‘ए’ आणि ‘द’ यांच्या तीन चुका होत्या. सर्वांत अधिक गुण मीं तिलाच दिले. तिचें मत मला आजहि सर्वस्वीं मान्य नाहीं; पण पारितोषिकें मिळविलेल्या चित्रपटासमोर ती दबली नाहीं, आणि ‘बिकॉज’ हा शब्द तिनें तीन वेळां अर्थपूर्ण वापरला.

व्याकरण या लेखनांत आपोआप येतें, तें असें. मराठींत आपण कथा भूतकाळांत सांगतों : आजोबा मुलाला घेऊन गेले. इंग्रजी परीक्षणांत कथा वर्तमानकाळांत सांगण्याची रीत आहे : ‘द ग्रँडफादर टेक्स द बॉय आउट.’ ‘टुक’ नव्हे. चित्रपट पुन्हा लावला कीं आजोबा पुन्हा निघतात, म्हणून तो नित्य वर्तमान. एवढें स्पष्टीकरण दिलें कीं क्रियापदाचा ‘एस्’ मुलें सहसा विसरत नाहींत. दुसरी गोष्ट नट आणि पात्र यांतील भेदाची : अरुण नलावडे रडत नाहींत, आजोबा रडतात. तिसरी ‘ऑल्दो’ या अव्ययाची. तें आलें कीं मुलाला एकाच वाक्यांत गुण आणि दोष दोन्ही धरतां येतात, आणि तेथून परीक्षण प्रौढ होऊं लागतें. विशेषणांवर मात्र बंदी घालावी. ‘व्हेरी’ला तर वर्षभर रजाच द्यावी.

मुलांस नमुने दाखवावे, पण जपून. बाबूराव पटेल यांनीं मुंबईहून १९३५ सालीं ‘फिल्मइंडिया’ हें इंग्रजी मासिक काढलें व त्यांतील टीकेनें मोठमोठे निर्माते हैराण झाले. भाषा चटकदार खरी. पण मुलाच्या हातीं ती आली कीं तें चित्रपट न पाहतांच टोमणे मारूं लागतें. त्यापेक्षां शिकागोच्या रॉजर ईबर्ट यांचें लेखन मला अधिक हितावह वाटतें. १९६७ पासून २०१३ सालीं निधन होईपर्यंत ते एकाच दैनिकांत लिहीत होते, आणि १९७५ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळविणारे ते पहिले चित्रपट-समीक्षक ठरले. वाक्यें साधीं, आणि मत कां बनलें याचा हिशेब चोख.

वर्गापुढें परीक्षण सादर करण्याची युक्ति मीं त्यांच्याकडूनच उचलली आहे. प्रतिस्पर्धी दैनिकाचे समीक्षक जीन सिस्केल आणि ईबर्ट हे दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसून वाद घालीत, आणि शेवटीं आंगठा वर किंवा खालीं करून निकाल देत. तसे दोन विद्यार्थी दोन खुर्च्यांवर बसवावे. प्रत्येकास तीन मिनिटें. हातांत लिहिलेला कागद नको. फक्त पांच शब्दांची एक चिठ्ठी. पाठ केलेलें परीक्षण पहिल्या प्रश्नालाच कोसळतें, म्हणून प्रश्न अवश्य असावा. शेवट सांगावयाचा नाहीं, हा नियम कडक पाळावा. शेवट न फोडतां मत कसें द्यावें, यांत अर्धें कौशल्य आहे. उच्चारांत एकच पथ्य सांभाळावें : मराठींत आपण सर्व अक्षरें जवळजवळ सारख्या भारानें उच्चारतों, इंग्रजींत एकावर आघात पडतो. ‘कॅरॅक्टर’मध्यें तो पहिल्यावर, ‘डिरेक्टर’मध्यें दुसऱ्यावर, ‘परफॉर्मन्स’मध्येंहि दुसऱ्यावर. एवढे पांचसहा शब्द घोटून घेतले कीं पुरे. साहेबी ढंग आणण्याच्या नादीं लागूं नये.

हा प्रयोग घरींहि करतां येण्याजोगा आहे. महिन्यांतून एकदां सर्वांनीं मिळून चित्रपट पाहावा आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर मुलानें तीन मिनिटें बोलावें. बोलणें चालू असतां काकांनीं क्रियापद दुरुस्त करूं नये. चुका कागदावर टिपून मागाहून दाखवाव्या. आजीला इंग्रजी येत नसेल तर तिनें प्रश्न मराठींत विचारावा. मुलानें उत्तर आधीं इंग्रजींत द्यावें व मग आजीला समजेल अशा मराठींत. मराठींत सांगतांना तें अडखळलें, तर इंग्रजी वाक्य उसनें आणलेलें होतें असें समजावें व तेवढेंच वाक्य दुसऱ्या दिवशीं पुन्हा लिहावयास द्यावें. आणि वडील मंडळींस अत्यंत प्रिय असलेला चित्रपट मुलाला कंटाळवाणा वाटला, तर त्याला तीन मिनिटें पुरीं होईपर्यंत बोलूं द्यावें.