बूट चावतो म्हणून नंबर वाढवायचा का?



जून महिन्यात वर्गात एक तक्रार हमखास येते, "बाई, बूट चावतोय." मागच्या वर्षी माझ्या तिसरीतल्या एका मुलाच्या करंगळीजवळ लाल वळ उठला होता. मी त्याच्या आईला सहज सांगितलं, "ताई, एक नंबर मोठा घ्या." त्यांनी दोन नंबर मोठा घेतला, वर्षभर पुरेल म्हणून. पंधरा दिवसांनी खो-खो खेळताना बूट टाचेतून निसटला, मुलगा पडला आणि गुडघा फुटला. पायमोजा काढून बघते तर करंगळीवर आता चक्क फोड! म्हणजे बूट मागे सैल आणि पुढे घट्ट. हे कसं काय? चूक माझ्या सल्ल्यात होती, म्हणून हा लेख.

नंबर म्हणजे फक्त लांबी

आपल्याकडे बुटावर असतो तो नंबर बहुधा इंग्लंडच्या पद्धतीचा. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर लांबी. नंबर वाढला की रुंदीही थोडी वाढते, पण तळाशी जेमतेम दोनेक मिलिमीटर. आता गणित करा. मुलाचा पाय बुटापेक्षा चार मिलिमीटर रुंद असेल, तर ती जागा मिळवायला दोन नंबर चढावं लागेल. तेवढ्यात बूट १७ मिलिमीटर लांब होईल!

रुंदीचं माप वेगळं असतं. इंग्लंडमध्ये मुलांच्या बुटांवर नंबरासोबत ई, एफ, जी, एच अशी अक्षरं असतात. अक्षर पुढचं, तसा बूट रुंद. आपल्या शाळेच्या बुटांवर हे सहसा नसतंच. खरं तर आपल्यालाच त्याची जास्त गरज आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा आपली पावलं सरासरीने युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा रुंद आढळली. त्यावरून 'भ' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली आहे.

लांब बुटात रुंद पाय का दुखतो?

पाऊल सर्वांत रुंद असतं ते चवड्याशी, अंगठ्याच्या मुळापाशी. चालताना पाऊल तिथेच वाकतं. बूटही त्याच जागी रुंद आणि वाकणारा केलेला असतो. बूट लांब घेतला की ही जागा पुढे सरकते. मग मुलाचा चवडा बुटाच्या अरुंद भागात बसतो, टाच उचलली जाते, आणि पाय पुढे घसरून बोटं टोकात दाबली जातात. सैल आणि घट्ट एकाच वेळी होतं ते असं.

मोजून बघू या

१. संध्याकाळी मोजा. दिवसभराने पाय किंचित फुगलेला असतो.

२. भिंतीला टाच टेकवून मुलाला कागदावर उभं करा. बसवून मोजू नका, कारण वजन पडल्यावर पाऊल पसरतं.

३. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांभोवती रेघ काढा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी मोजा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. मग चवड्याची रुंदी मोजा.

४. बुटाच्या आतली गादी निघत असेल तर ती काढून त्यावर मुलाला उभं करा.

तिसरी-चौथीच्या मापनाच्या पाठाला ही कृती छान जोडता येते. मुलं आवडीने करतात.

मग काय घ्यायचं?

- बोटांपुढे सेंटिमीटरभर जागा नाही, बोटं टोकाला लागतात: लांबी कमी आहे. नंबर वाढवा.
- बोटांपुढे जागा आहे, पण पाऊल गादीच्या कडेबाहेर जातं किंवा करंगळी घासते: रुंदी कमी आहे. नंबर तोच ठेवा, बूट रुंद घ्या.
- दोन्ही कमी: एक नंबर मोठा आणि रुंदही.

रुंद बूट मागायचा कसा? दुकानदाराला सांगा, "नंबर हाच, पण पुढून गोल आणि पसरट दाखवा." प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा तोच नंबर बसू शकतो. लेस किंवा वेलक्रोचा बूट वर मोकळा करता येतो. शाळेचे पायमोजे घालूनच बूट बघा. चवड्यावर उभं राहायला लावा. बूट चवड्याच्याच रेषेत वाकला आणि टाच निसटली नाही, तर माप बरोबर.

वाढत्या पायाचं काय, असं पालक विचारतात. खर्च सगळ्यांनाच जड जातो, हे मी जाणते. बोटांपुढची सेंटिमीटरभर जागा त्यासाठीच असते. त्याहून मोठा घेतला तर पाय भरेपर्यंत बूट आतून झिजून जातो. दर तीन-चार महिन्यांनी कागद काढून पुन्हा मोजा. नख आत रुतत असेल किंवा जखम भरत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलाचं पाऊल आम्ही वर्गातच मोजलं. लांबीला त्याचा पहिलाच नंबर बरोबर होता, कमी होती ती रुंदी. त्याच नंबराचा, पुढून पसरट, वेलक्रोचा जोड मिळाला आणि तो पुन्हा पळायला लागला. पण माझ्या एका वाक्यामुळे त्या माउलीचे पैसे दोनदा गेले. म्हणून आता वर्गात कोणी "बूट चावतोय" म्हटलं, की मी आधी कागद आणि पट्टी काढते. तुम्हीही काढा.