दमट हवेतली फुलं

कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीच्या डाव्या तीरावर बजबज आहे. इतिहासात या गावाचं नाव येतं ते 1914 च्या कोमागाता मारू जहाजामुळे, आणि एरवी तेलाच्या टाक्या नि तागाच्या गिरण्यांमुळे. फुलांसाठी बजबज प्रसिद्ध नाही. तरीही हरितगृहातली फुलशेती आणि फुलांचं दुकान यांचा आढावा इथूनच घ्यावासा वाटतो. नदीच्या पलीकडे बाउडिया, तिथे जायला फेरीबोट. बाउडिया आहे हावडा–खरगपूर रेल्वेमार्गावर, आणि त्याच मार्गावर पुढे कोलाघाट आणि पांशकुडा, म्हणजे बंगालचा मोठा फुलपट्टा. तिथला माल हावड्याला उतरतो आणि पुलाजवळच्या मल्लिकघाटाच्या बाजारात जातो. बजबज या वाटेच्या अगदी शेजारी आहे. शिवाय इथली हवा हरितगृहाची खरी परीक्षा घेणारी आहे.

काचघराच्या जगभरच्या कथेतही ही नदी आहे. 1829 साली लंडनच्या नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला बंद बाटलीत आपोआप उगवलेलं नेच्याचं रोप दिसलं. त्यातून काचेची बंद पेटी आली; समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात महिनोन्‌महिने रोप जगवणारं फिरतं काचघरच ते. डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या चॅट्सवर्थच्या बागेतल्या जॉन गिब्सन या तरुण माळ्याला ॲम्हर्स्टिया नावाच्या लालभडक फुलांच्या झाडासाठी कलकत्त्याला पाठवलं. 1836 मध्ये तो पोचला आणि पुढच्या वर्षी अशाच पेट्यांतून ऑर्किडं नि ॲम्हर्स्टिया घेऊन परतला. कलकत्त्याला येणारं-जाणारं प्रत्येक जहाज बजबजवरूनच जाई, तशा त्या पेट्याही गेल्या. तिकडे चॅट्सवर्थला ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन त्या वेळी प्रचंड काचघर उभारत होता, आणि त्याच अनुभवावर 1851 चा क्रिस्टल पॅलेस हा लंडनचा काचेचा महाल उभा राहिला. मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा एक धागाही इथे आहे. अलीपूरच्या बागायती संस्थेची, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची, स्थापना 1820 मध्ये विल्यम कॅरीने केली. श्रीरामपूरहून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा तोच हा कॅरी.

पॅक्स्टनचं काचघर ऊब कोंडून ठेवण्यासाठी होतं. ऊन आत येतं, तापलेली हवा बाहेरच्या गार हवेत मिसळत नाही, म्हणून आत उबदार राहतं. बंगालच्या किनारपट्टीत उबेची वाण कधीच नाही. इथे हरितगृहाची कामं वेगळी: पाऊस अडवणं, ऊन गाळणं, कीड बाहेर ठेवणं आणि हवा खेळती राखणं. हा फरक न ओळखता छापील आराखड्यावरून सांगाडा उभा केला, तर आतली फुलं उकडून निघतात. ही चूक खर्चिक असते, आणि बहुतेकदा कर्जाच्या पैशाने केलेली असते.

आपल्याकडचं यशस्वी उदाहरण मावळचं. तळेगावच्या फुलपार्कात आणि आसपासच्या गावांत डच गुलाबाची पॉलिहाऊसं आहेत. जीआय पाइपचा सांगाडा, वर अतिनील किरणांना टिकणारा 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, बाजूंना कीडरोधक जाळी, माथ्यावर उघडी खिडकी. पण मावळचा खरा भांडवलदार म्हणजे तिथली रात्र. गुलाबाला रात्री 15 ते 18 अंश तापमान मानवतं, आणि सह्याद्रीच्या कुशीतलं ते पठार वर्षाचा बराच काळ ते फुकट देतं. बजबजला असा गारवा हिवाळ्याचे थोडे महिनेच. मेमधल्या दमट रात्री लांब दांड्याचा गुलाब घ्यायचा म्हणजे निसर्गाशी भांडण.

मग पंखे आणि ओले पॅड बसवावेत, असं सुचवलं जातं. पाण्याची वाफ होताना हवा गार होते हे खरं, पण हवेत मुळातच बाष्प असेल तर वाफ होणार किती? पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ही रचना दहा अंशांचाही फरक पाडू शकते. हुगळीकाठच्या जुलैत जेमतेम दोन-तीन. वर दमटपणा वाढून पाकळ्यांवर करड्या बुरशीचे डाग येतात. इथलं घर उंच हवं, बाजू जवळजवळ उघड्या, माथ्याची खिडकी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. पाया खोल आणि कागद वेळ पडताच उतरवता येण्याजोगा. 20 मे 2020 चं अम्फान वादळ दक्षिण चोवीस परगण्याला अजून आठवतं. अशा वाऱ्यात कागद गेला तरी चालेल, सांगाडा वाचला पाहिजे.

बंगालच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. विड्याच्या पानांचा बोरोज पाहावा: बांबू आणि तागाच्या काटक्यांच्या भिंती, वर गवताचं विरळ छप्पर, आत गार, मऊ, गाळीव उजेड. आपला पानमळा शेवरी-हादग्याच्या जिवंत सावलीत वाढतो, यांचा बांधलेल्या सावलीत. शेडनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे सावलीचं घर बांधलं जात होतं. बजबजसारख्या ठिकाणी हरितगृहाची सुरुवात बोरोजपासून करावी आणि त्यात आधुनिक जाळी नि ठिबक आणावं, असं माझं ठाम मत आहे.

त्या सावलीत काय लावावं? पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीच्या जाळीखाली डेंड्रोबियम ऑर्किड आणि अँथुरियम. दोघांनाही दमट हवा आवडते आणि मुळांपाशी पाणी साचलेलं खपत नाही. नारळाच्या सोढणांचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे एवढ्यावर ऑर्किड जगतं. जरबेऱ्याला पावसापासून छप्पर हवंच. इथली माती गाळाची, चिकण, म्हणून गादीवाफे दीड फूट उंच, त्यात शेणखत आणि भाताचं तूस. लावताना रोपाचा गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला की रोप कुजलंच.

दुकानात शिरलं की तीच हवा पुन्हा समोर येते. फुलांची रचना म्हटलं की लोकांना रंगसंगती आठवते, पण पहिला धडा बादलीचा आहे. बादली रोज घासून धुवावी, दांडा धारदार कात्रीने तिरका कापावा, पाण्यात बुडणारी पानं काढावीत. उकाड्यात पाण्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात आणि दांड्याच्या नळ्या बुजवतात. फूल पाण्यात उभं राहून तहानेने मान टाकतं. जरबेऱ्याचा दांडा मऊ नि लवदार, त्याला चार बोटं पाणी पुरे.

रचनेचे नियम फारसे अवघड नाहीत. एक मुख्य फूल, उंची देणारे दांडे, मोकळ्या जागा भरणारा पाला. उंची भांड्याच्या दीडपट. हातात बांधायच्या गुच्छात प्रत्येक दांडा एकाच दिशेने तिरका ठेवत गेलं की गुच्छ आपोआप फुलतो. पाल्यासाठी परदेशी फर्न मागवायची गरज नाही. कोलकात्यात कामिनीचा पाला सर्रास वापरतात, तीच आपली कुंती. हिरवा फोम मात्र मला खटकतो. 1954 मध्ये अमेरिकेत आलेला हा प्लॅस्टिकचा स्पंज चुरा होऊन वर्षानुवर्षं मातीत राहतो. केळीच्या खुंटाचे काप किंवा जाळीची गुंडाळी तेच काम करते, आणि केळ दोन्ही प्रांतांच्या मंगलकार्यात आधीपासूनच आहे.

विक्रीची गणितं पंचांगावर चालतात. आपण लक्ष्मीपूजन करतो त्याच अमावास्येच्या रात्री बंगालमध्ये कालीपूजा असते आणि जास्वंदीच्या माळांना मागणी येते. जास्वंद एका दिवसाचं फूल. कळ्याच तोडून गार जागी ठेवाव्या लागतात. दुर्गापूजेच्या संधिपूजेला 108 कमळं लागतात. सरस्वतीपूजेला पिवळा झेंडू. लग्नसराईत रजनीगंधा. दुकानदाराने या तारखा शेतकऱ्याला आधी कळवल्या तर माल वाया जात नाही. मावळात व्हॅलेंटाइन दिनाच्या गुलाबाची छाटणी डिसेंबरमध्येच होते. शेवंतीला लहान दिवस लागले की कळी धरते, म्हणून रात्री शेतात दिवे लावून तिला थोपवता येतं. दिवे विझवले की जातीनुसार साधारण आठ ते दहा आठवड्यांनी फूल तयार. ते दिवे कोणत्या तारखेला विझवायचे, हे शेतकऱ्याला बजबजच्या दुकानदारानेच सांगायला हवं.