डीएनएमध्ये ब्रोमीन कशासाठी?

डीएनएमध्ये मुद्दाम ब्रोमीन किंवा सेलेनियम बसवून रचना शोधली, असे ऐकले की ती रचना खरी नसणार असे अनेकांना वाटते. पण अडचण वेगळीच असते. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की विखुरलेल्या किरणांची तीव्रता मोजता येते. त्यांची कला (लहरी एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते) मात्र नोंदली जात नाही, आणि तिच्याविना अणूंच्या जागा ठरत नाहीत. ब्रोमीन किंवा सेलेनियमसारखा जड अणू इथे खूण बनतो. अनोळखी गावात पाण्याची उंच टाकी दिसली की तिच्यावरून घरे सापडतात, तसे. डीएनएच्या थायमिन या घटकातल्या मिथिल गटाच्या (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जागी ब्रोमीन चपखल बसतो, कारण दोघांचा आकार जवळपास सारखा. सेलेनियम तर ऑक्सिजनच्याच कुटुंबातला, म्हणून तो ऑक्सिजनच्या जागी बसतो. त्यामुळे दुहेरी सर्पिल सहसा बिघडत नाही. तरीही मूळ डीएनएशी तुलना करून पाहिली जाते, आणि ती पाहायलाच हवी.