येळ्ळूरचे अंगण आणि तिसरा मजला

येळ्ळूरचे घर बंद करून आई टिळकवाडीत आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आली, त्यास दोन पावसाळे लोटले. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "भात वाळवायचं कुठं रे?" गच्चीस कुलूप असते, हे सांगताना मी उगीचच ओशाळलो.

रविवारी सकाळी मी तिला रिक्षाने कॅम्पात फिरावयास नेतो. १८३२ पासूनच्या या लष्करी छावणीत कौलारू, बैठे बंगले आणि त्यांची प्रशस्त आवारे अजून पाहावयास मिळतात. टिळकवाडीत असे कितीतरी बंगले पाडून इमारती उठल्या. कॅम्पात तसे सहसा घडत नाही. पण त्याचे कारण रहिवाशांची रसिकता नव्हे! तेथील कित्येक बंगल्यांखालची भूमी सरकारी आहे. रहिवाशाचे म्हणावे ते भिंती आणि छप्पर. परवानगीवाचून मजला चढवता येत नाही.

आमची गत तरी कुठे निराळी? १९७२ च्या कर्नाटकाच्या कायद्याप्रमाणे सदनिकाधारकाचा जमिनीतील हिस्सा अविभक्तच राहतो. तो कागदावर आपला; त्यात अळूचा एक कंदही लावता येत नाही.

हे ऐकून आई म्हणाली, "मग भाऊबंदकी तरी नाही की!" येळ्ळूरच्या माजघरात काकांनी घातलेली भिंत ती विसरलेली नाही.

दवाखाना जवळ आहे, नातवंडांची शाळा जवळ आहे, हे ती मोकळेपणी मान्य करते. जिना तेवढा गुडघ्यांना मानवत नाही. परवा गावच्या घराला गिऱ्हाईक आले. मी किल्ली मागितली. तिने ती कनवटीस लावली आणि सुगीला येळ्ळूरला सोड म्हणाली.