अल्पसाधन विरहगीत : शब्द आणि स्वर यांचा कलह

गीताचे शब्द स्वरांपासून सोडवून छापील पृष्ठावर मांडावेत आणि त्यांची काव्य म्हणून परीक्षा करावी की नाही, हा प्रश्न जुनाच आहे. 2016 साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक देण्यात आले, तेव्हा तो पुन्हा हिरिरीने चर्चिला गेला. परंतु काही गीतांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. त्यांत शब्द एक सांगतात आणि स्वर दुसरेच सुचवितात. अशा गीताचे केवळ शब्द उचलून केलेले परीक्षण अपुरे ठरते, इतकेच नव्हे, तर ते विपरीत अर्थापाशी जाऊन पोहोचते. इंग्रज गायिका ॲडेल यांचे ‘समवन लाइक यू’ हे गीत या प्रकारचे आहे.

‘21’ या 2011 सालच्या ध्वनिमुद्रिकेतील हे गीत ॲडेल आणि अमेरिकन गीतकार डॅन विल्सन यांनी मिळून रचले. पियानोची साथ आणि ध्वनिसंयोजनही विल्सन यांचेच. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात लंडन येथील ब्रिट पुरस्कारसमारंभात ते केवळ पियानोच्या साथीने गायिले गेले आणि त्यानंतर ब्रिटनमधील लोकप्रियतेच्या सूचीत अग्रस्थानी गेले. लोकप्रियता हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे; तथापि ती दोषाचाही पुरावा नव्हे, हे आपल्याकडील समीक्षेने अनेकदा नजरेआड केले आहे.

गीताचा प्रसंग साधा आहे. पूर्वीचा प्रियकर आता विवाहित असून सुखाने स्थिरावला आहे, असे निवेदिकेच्या कानी येते. न बोलावता ती त्याच्या दारी जाते. आपला चेहरा पाहून त्याला काही आठवेल, अशी तिला आशा असते. ध्रुवपदात मात्र ती निराळाच पवित्रा घेते : झाले ते झाले, आपल्यालाही त्याच्यासारखा दुसरा कोणी भेटेल, त्या दोघांचे कल्याण असो. शब्दांचा वाच्यार्थ येथे संपतो. हा अर्थ निरोपाचा आहे, समजूतदार आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ यांच्यामधील भेद मार्मिकपणे सांगितला आहे. प्रियजनाची आशाच जेथे उरत नाही, तो निरपेक्ष भाव करुणाचा. जेथे औत्सुक्य आणि चिंता असते, म्हणजेच आशेचा तंतू शिल्लक असतो, तो सापेक्ष भाव विप्रलंभाचा. या कसोटीने पाहिल्यास प्रस्तुत गीताचे शब्द करुणाचा दावा करतात. वस्तुतः ते विप्रलंभाचे गीत आहे, आणि ही गोष्ट त्याच्या स्वरयोजनेतून उघड होते.

या स्वरयोजनेची साधने अत्यल्प आहेत : एक पियानो आणि एक गळा. तालवाद्य नाही, तंतुवाद्यांचा मेळ नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात भावगीताची साथ मोजक्या वाद्यांची असे. ती बव्हंशी त्या काळाची मर्यादा होती. संगणकावर शेकडो ध्वनी एकावर एक चढविता येतात अशा काळात एकाच वाद्यावर थांबणे ही मर्यादा नव्हे, निवड होय. पियानोवादक स्वरसमूह एकदम वाजवीत नाही; त्यातील स्वर एकामागून एक, सुटे, अखंड झरत राहतात. मूळ स्वर षड्ज मानला तर कडव्यातील खर्जाची वाट षड्ज, निषाद, धैवत अशी पायरीपायरीने उतरते आणि मध्यमावर थांबते. तेथून पुन्हा षड्जाकडे येऊन तेच आवर्तन सुरू होते. ध्रुवपदात क्रम षड्ज, पंचम, धैवत, मध्यम असा बदलतो. शेवट मात्र पुन्हा मध्यमावरच. पाश्चात्त्य संगीतात विधान पूर्ण झाल्याची ठाम जाणीव प्रायः पंचमावरील स्वरसमूहावरून षड्जाकडे येताना होते. येथे आवर्तनाच्या अखेरीस ती वाट टाळली आहे. मध्यमावरून होणारे आगमन मृदू असते. त्यात परतणे असते, निकाल नसतो. गायिका ‘झाले ते झाले’ म्हणते आणि पियानो ‘अजून झाले नाही’ असे सुचवीत राहतो.

गळ्याची साक्षही अशीच आहे. कडवी खालच्या पट्टीत, बोलण्याच्या लगत चालतात. जेथे मनाची समजूत घालावयाची, त्या ध्रुवपदात आवाज नेमका उंच चढतो. ज्याला खरोखरच विसर पडला आहे, त्याला ते इतक्या उंच स्वरात सांगावे लागत नाही. पार्श्वभूमीला वाद्यवृंद असता, तर हा ताण सार्वजनिक शोकाच्या भव्यतेत विरून गेला असता. एकटा पियानो त्याला आडोसा देत नाही. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले, तो व्यंग्यार्थ येथे अक्षरशः ध्वनीतून प्रकटतो.

एवढे ऐकल्यावर शब्दांकडे परतले, की त्यांतील भेगाही दिसू लागतात. ‘तुझ्यासारखे कुणीतरी’ या शीर्षकातच उपमा आहे, आणि उपमान तोच आहे. नवा प्रियकर मिळाला, तरी त्याची योग्यता जुन्याच्या मापानेच मोजली जाणार. शुभेच्छेच्या पाठोपाठ ‘मला विसरू नकोस’ अशी विनवणी येते. आणि ध्रुवपदाचा शेवट होतो तो प्रीतीच्या लाभाविषयी आणि वेदनेविषयी पूर्वी त्यानेच उच्चारलेल्या वाक्याने. निरोपाच्या गीतातील अखेरचा शब्दही निवेदिकेचा स्वतःचा नाही. दुसऱ्या कडव्यातील उन्हाळ्याच्या धूसर दिवसांची प्रतिमा फारशी ताजी नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु या गीताचे बळ प्रतिमेत नसून वाक्यांच्या परस्परविरोधात आहे.

भारतीय भाषांत या गीताचा अनुवाद करू जाता हा विरोध अधिकच स्पष्ट होतो. इंग्रजीत उत्तमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. मराठी, हिंदी वा पंजाबी अनुवादकाला मात्र ‘मी न बोलावता आले’ असे उघड करावे लागते. बंगाली आणि तमिळ अनुवादक या सक्तीतून मुक्त आहेत. उलट, शीर्षकातील अनिश्चितता मराठीत नपुंसकलिंगी ‘कुणीतरी’ने सहज राखता येते. परंतु खरी कसोटी संबोधनाची आहे. विवाहित झालेल्या त्या पुरुषाला दारात उभे राहून ‘तू’ म्हणण्याचा अधिकार तिला उरला आहे काय? इंग्रजी सर्वनाम हा प्रश्न झाकून ठेवते. मराठीत गीतभर ‘तू’ चालेल. मात्र शुभेच्छेच्या क्षणी त्याचे ‘तुम्हा दोघांना’ असे होईल. अनेकवचन आणि अंतर या दोहोंसाठी मराठीत एकच सर्वनाम आहे. त्यामुळे मुळात केवळ व्याकरण असलेली गोष्ट अनुवादात विरहाची घटना बनते : ‘तू’ दुरावतो तो नेमका याच शब्दात. आणि लगेच पुढच्या विनवणीत ‘तू’ परत आल्याखेरीज राहत नाही. पियानोचे आवर्तन जे करते, तेच मराठीत सर्वनाम करू शकते.

म्हणून अशा गीताचे मूल्यमापन करणाऱ्याने शब्द अलंकृत आहेत की साधे, एवढेच पाहून थांबू नये. साधे शब्द स्वतःविरुद्ध साक्ष देतात का आणि साथीने त्या साक्षीला मोकळी जागा ठेवली आहे का, हे त्याने ऐकले पाहिजे. ‘समवन लाइक यू’मधील अल्पसाधनतेचे श्रेय हेच, की गायिका जे नाकारते ते ऐकू यावे इतकी शांतता तिने राखली आहे.